राडारोड्यावरची पिल्लं

पुण्याला समुद्रकिनारा नाही. याची खंत करणारा पुणेकर माझ्या तरी पाहण्यात नाही. फार छेडलं तर तो म्हणेल, समुद्राला तरी कुठे पुणं आहे? त्यामुळे वाळूत अंडी घालणाऱ्या पक्ष्यांचे फोटो काढायचे तर रजा टाकून कोकणात जायला हवं, असं मी कित्येक वर्षं धरून चालले होते. तशी दोन-तीनदा गेलेही. तिथे वाळूत पक्ष्यांपेक्षा मोटारी जास्त होत्या. आणि मग एका मार्चमध्ये, कोथरूडच्या आमच्या घरापासून स्कूटरवर जेमतेम पाव तासावर, नदीपात्रातल्या राडारोड्याच्या ढिगावर मला नदी सुरय नावाचे पक्षी दिसले.

ढिगाची हकिगत आधी सांगते, कारण पुढचं सगळं त्याच्यावरच घडलं. नदीवर नवा पूल बांधताना क्रेन उभी करायला ठेकेदाराने काठापासून थेट पात्रात भराव घातला. मुरूम, खडी, पाडलेल्या इमारतींचे तुकडे, फुटक्या फरशा, हाताला लागेल ते. पूल झाला, फीत कापली गेली, क्रेन गेली. भराव राहिला. पुढच्या पावसाळ्यात पुराने त्याचा काठाकडचा भाग तोडून नेला आणि पात्राच्या मधोमध एक लांबोडकं बेट तयार झालं. हे बेट काढायचं काम कोणत्या खात्याचं, ते मी सांगत नाही. सांगता येण्यासारखंही नाही, कारण खात्यांचं आपसात अजून ठरलेलं नाही.

माझे वडील पाटबंधारे खात्यातून निवृत्त झालेले इंजिनिअर. नदी दिसली की आपण पाणी बघतो. बाबा पाण्याला जागा किती आहे ते बघतात. भरावाच्या थोडं वरच्या अंगाला, त्याच काठावर, त्यांच्या धाकट्या बहिणीचं, म्हणजे माझ्या आत्याचं घर आहे. मोरीच्या जाळीत केस अडकले की पाणी न्हाणीघरात मागे तुंबतं, तसंच हे, असं बाबा येणाऱ्या-जाणाऱ्याला समजावत. ज्यांनी विचारलेलं नसे त्यांनाही समजावत.

आत्या तळमजल्यावर एकटी राहते. थालीपिठाची भाजणी, उपासाची भाजणी, मेतकूट असं करून विकते. पिठं दळायची घरघंटी तिने मागच्या खोलीत ठेवलेली. भराव पडल्यानंतरच्या पहिल्याच मोठ्या पुरात पाणी घरात शिरलं, घरघंटीची मोटर जळली आणि गोण्यांतल्या धान्याला मोड आले. पाणी ओसरल्यावर तिने मोटर भरून आणली, घरघंटीखाली विटांचे थर रचले आणि स्टुलावर चढून वरून धान्य ओतायला सुरुवात केली. गुडघे दुखायचे, पण थांबली नाही. वरच्या मजल्यावर भाड्याने घे, असं सगळ्यांनी सांगून पाहिलं. ‘‘मी इथून वर जाईन ती एकदम वरच,’’ असं ती म्हणाली आणि तो विषय संपला.

मग बाबांनी भरावाचा पिच्छा पुरवला. अर्ज-तक्रारींच्या फंदात ते पडले नाहीत. नोकरीत स्वतः कित्येक अर्ज दाबून ठेवलेले असल्यामुळे अर्जाचं पुढे काय होतं हे त्यांना ठाऊक होतं. त्यांची पद्धत बसण्याची. दर मंगळवारी कापडी पिशवीत पाण्याची बाटली आणि राजगिऱ्याच्या वड्या घेऊन ते साहेबांच्या केबिनसमोरच्या बाकावर जाऊन बसत. चिठ्ठी आत पाठवायची नाही, आवाज चढवायचा नाही, मोबाइल काढायचा नाही. साहेब जेवायला निघाले की उठून नमस्कार करायचा आणि पुन्हा बसायचं. चार वर्षांत साहेब बदलले, केबिनची जागा बदलली, एकदा बाकसुद्धा बदललं. ऑफिसात त्यांना सगळे ‘भराववाले काका’ म्हणायला लागले. बाबांना ते आवडायचं, असा मला संशय आहे.

तर अशा त्या भरावावर सुरय आले होते. राखाडी पाठ, डोक्यावर काळी टोपी, पिवळीजर्द चोच, तांबडे आखूड पाय आणि लांब दुभंगलेली शेपटी. नदीवर घिरट्या घालत राहतो आणि मासा दिसला की दगड टाकल्यासारखा पाण्यात पडतो. नद्यांतली वाळूची बेटं उपशात गेली, उरलेल्यांवर माणसं आणि कुत्री पोचली, त्यामुळे हा पक्षी आता धोक्यात आलेल्यांपैकी. तो घरटं बांधत नाही. पोटाने वाळूत एक खळगा केला की झालं घर. आमच्या भरावाच्या चारी बाजूंनी पाणी होतं, वर खडी आणि बारीक कच होती, कुत्र्यांना पाण्याचा वास सहन न झाल्यामुळे की काय, तीही तिकडे फिरकत नव्हती. सुरयाच्या दृष्टीने पुण्यात इतका चांगला समुद्रकिनारा दुसरा नव्हता.

पक्ष्यांचे फोटो काढणाऱ्यांत एक रीत आहे. घरट्याचा पत्ता कुणालाही द्यायचा नाही. एकाला सांगितलं की रविवारी वीस जण आपापल्या तोफा घेऊन हजर होतात, आईबाप उडून जातात आणि अंडी उन्हात उकडून निघतात. म्हणून मी गप्प राहिले. घरातही त्या रीतीमुळेच बोलले नाही, असं म्हणणं सोपं जाईल. खरं म्हणजे मला बाबांशी वाद नको होता. भराव हा त्यांचा विषय होता आणि त्यात दुसऱ्या कुणी चांगलं काही पाहिलेलं त्यांना चाललं नसतं.

हिंजवडीला जाणारी कंपनीची बस पकडायच्या आधी मला तासभर मिळायचा. मी अलीकडच्या काठावरच थांबायची. मधलं पाणी गुडघाभर होतं, पण ते मी कधी ओलांडलं नाही. चटईवर पालथं पडायचं, अंगावर मातकट चादर ओढायची आणि लेन्सखाली जुन्या तांदळाची पिशवी घ्यायची, म्हणजे कॅमेरा हलत नाही. पिशवी आत्यानेच शिवून दिली होती. ‘‘तांदूळ कशाला? वाळू भर की,’’ म्हणाली. वाळू आता तांदळापेक्षा दुर्मिळ आहे, हे तिला सांगावं लागलं. सकाळी फिरायला येणारे काठावर थांबून चौकशी करत, ‘‘काय, बिबट्या आहे का?’’ मी ‘हो’ म्हटलं की भराभरा चालायला लागत. त्यांच्या तब्येतीला ते चांगलंच होतं.

अंडी कुठे आहेत हे माहीत असूनही रोज नव्याने शोधावी लागत. तीन होती, खडीच्याच रंगाची. मी एकाच जोडीवर लक्ष ठेवून होते. आणखी काही जोड्या होत्या, पण सगळ्यांकडे बघायला गेलं की कुणाचंच काही हाती लागत नाही. ऊन चढलं की नर-मादी आळीपाळीने नदीत जाऊन पोटाची पिसं भिजवून येत आणि अंड्यांवर बसत. मेच्या सुरुवातीला पिल्लं बाहेर आली तेव्हा माझी आणखी पंचाईत झाली. वाळूच्या रंगाचा लोकरीचा गोळा आणि त्यावर काळे ठिपके. आईने वरून एकदा कर्कश आवाज दिला की तीनही पिल्लं होती तिथे चपटी होत, आणि समोर नुसती खडी उरे. लेन्समधून बघता बघता मी त्यांना हरवून बसायची.

त्यांनी बिऱ्हाड केलं होतं ते एका फुटक्या कमोडच्या शेजारी. दिवस चढला की पिल्लं त्याच्या सावलीत जाऊन बसत. जगभर ज्या पक्ष्याची काळजी करतात त्याची पुढची पिढी पुण्यात संडासाच्या भांड्याच्या आडोशाने वाढत होती. मी कमोड वगळून फोटो काढायचे फार प्रयत्न केले. तो वगळला की पिल्लंही जात. माझे बरेचसे चांगले फोटो त्यामुळे कुणाला दाखवण्याजोगे राहिलेले नाहीत.

पिल्लं आठवड्याभराची झाली असतील, त्या मंगळवारी बाबा घरी आले ते पेढ्यांचा पुडा घेऊनच. भराव काढायचं काम मंजूर झालं होतं. सोमवारी पोकलेन नदीत उतरणार होतं. चार वर्षांच्या बसण्याला फळ आलं होतं, आणि बाबांचा चेहरा मी इतका उजळलेला फार वर्षांनी पाहिला. मी पेढा घेतला. पिल्लांचं सांगायच्या ऐवजी आणखी एक घेतला.

रविवारी आत्याने आम्हा दोघांना आमरसाला बोलावलं. ‘‘शेवटी घोडं गंगेत न्हालं,’’ असं म्हणत तिने बाबांच्या ताटात वाटीऐवजी वाडगाच ठेवला. मग आम्हाला मागच्या खोलीत नेलं. वॉचमनला हाताशी घेऊन तिने घरघंटीखालच्या विटा काढून टाकल्या होत्या. घरघंटी जमिनीवर आली होती आणि आत्या तिच्या शेजारी नुसती उभी राहून, स्टुलाशिवाय, तांदूळ ओतून दाखवत होती.

‘‘अगं, पण काम अजून सुरू व्हायचंय,’’ मी म्हटलं.

‘‘दादाने सांगितलं ना, झालं मग,’’ आत्या म्हणाली. ‘‘माझे गुडघे सुटले एकदाचे.’’

बाबा खूश होते. मी आमरस घशाखाली ढकलत होते. इकडे आड तिकडे विहीर म्हणतात, त्यात आड आणि विहीर दोन्ही माझ्याच घरातली निघाली होती.

त्या दुपारी घरी आल्यावर मी लॅपटॉप बाबांच्या पुढ्यात ठेवला.

‘‘बाबा, भरावावर पिल्लं आहेत.’’

‘‘कुत्र्याची?’’

‘‘पक्ष्याची. नदी सुरय. ही बघा.’’

त्यांनी चष्मा वर-खाली केला. ‘‘मला खडी दिसते आहे. आणि कमोड.’’

मी बोट ठेवून दाखवलं. ते म्हणाले तो दगड आहे. मी म्हटलं दगड नाही. ते लॅपटॉपच्या जवळ वाकले.

‘‘ह्याला डोळा आहे,’’ ते म्हणाले.

मग त्यांनी इंजिनिअरसारखे प्रश्न विचारले. उडायला किती दिवस लागतात? मी म्हटलं, अजून तीन आठवडे धरा. उचलून दुसरीकडे ठेवता येत नाहीत का? नाही, आईबाप मागे येत नाहीत. ढिगाच्या कोणत्या टोकाला आहेत? खालच्या. त्यांनी वर्तमानपत्राच्या कडेवर पेन्सिलीने ढिगाची आकृती काढली. पाण्याला खरी अडचण वरच्या टोकाची होती. तिकडून काम सुरू करायचं, खालचं टोक शेवटी काढायचं. पिल्लं उडाल्यावर उरलेल्या तुकड्याला पोकलेनचे चार दिवस पुरे. पावसाचा जोर यायच्या आत दोन्ही होतं. कागदावर ते अगदी बिनचूक होतं. बाबांच्या हातात पेन्सिल असली की मला नेहमीच सगळं शक्य वाटत आलेलं आहे.

‘‘आत्याला सांगायचं?’’ मी विचारलं.

‘‘कशाला तिच्या डोक्याला ताप? काम होणारच आहे.’’

मला ते पटलं. निदान मी मान तरी डोलावली.

सोमवारी सकाळी मी पोचले तेव्हा पोकलेन मुरूम टाकून केलेल्या वाटेने बेटावर चढत होतं, आणि भरावावरचे सगळे सुरय हवेत होते. ते एकेक करून सूर मारत थेट ऑपरेटरच्या डोक्यावर येत, चोच मारत आणि वर जात. त्याच्या केबिनला काच नव्हती. त्याने आधी टॉवेल गुंडाळला, मग वर घमेलं धरलं, आणि शेवटी मशिन बंद करून तो खाली उतरला.

‘‘म्याडम, तुमची पाखरं हायत का ही?’’ त्याने मला लांबूनच विचारलं. ‘‘टकुऱ्यात मारायलीत. डोळा गेला तर कोन देनार?’’

एवढ्यात बाबा आले, डोक्यावर छत्री धरून. काठावर येईपर्यंत छत्रीवर पांढरे शिंतोडे पडले होते. त्यांनी मुकादमाला आकृती दाखवली. मुकादमाने आकृतीकडे बघितलं, बाबांकडे बघितलं आणि साहेबांना फोन लावून दिला. बाबांनी साहेबांना सगळं नीट सांगितलं: धोक्यातला पक्षी आहे, पिल्लं आहेत, वरच्या टोकाकडून सुरुवात करा, खालचा भाग तीन आठवडे राहू द्या.

‘‘काका, तुम्ही म्हणाल तसं,’’ साहेब म्हणाले. फोनचा आवाज मोठा होता, मला स्पष्ट ऐकू आलं. ‘‘तुम्ही स्वतः सांगताय म्हटल्यावर प्रश्नच नाही.’’

चार वर्षांत त्या ऑफिसातून एवढं गोड कुणी बोललं नव्हतं. तिथेच आमचे कान टवकारायला हवे होते. फोन ठेवल्यावर मुकादमाने ऑपरेटरला हाक मारली, ‘‘चल रं, आज बंद हाय.’’

‘‘बंद नाही,’’ बाबा म्हणाले. ‘‘वरच्या टोकाकडून सुरू करा.’’

‘‘व्हय काका. पर आज बंद हाय. वरून तसा निरोप हाय.’’

दुसऱ्या दिवशी सकाळी बेटावर मशिनच्या पट्ट्यांच्या खुणा होत्या आणि मशिन नव्हतं. तो मंगळवारच होता. बाबा जाऊन बसले. आत बोलावणं आलं, चहा आला आणि सांगण्यात आलं की काकांच्याच विनंतीवरून काम तूर्त स्थगित आहे, पिल्लं उडाली की कळवा. बाबा घरी येऊन म्हणाले, चला, पिल्लं तरी सुखरूप झाली. त्यात काही चुकतंय असं त्यांना वाटलं असेल, तर त्यांनी ते दाखवलं नाही.

पुढचे तीन आठवडे ते रोज सकाळी माझ्याबरोबर येत. आपलं घडीचं स्टूल टाकून, मांडीवर छत्री ठेवून, माझ्यामागे बसत. मला ते दिवस फार आवडले, हे लपवून काय करायचं? आम्ही दोघं एका जागी इतका वेळ, काही न भांडता, त्याआधी कधी बसलो नव्हतो. नर मासा घेऊन आला की बाबा पुटपुटत, ‘‘आला, डबा आला.’’ मादी पोट भिजवून पिल्लांवर बसली की त्यांना तिच्या अकलेचं कौतुक वाटे. एका सकाळी घारीने एक पिल्लू उचललं. आम्ही दोघांनीही ते पाहिलं. त्या दिवशी बाबांनी रात्री मीठ कमी असल्याची तक्रार केली नाही.

उरलेली दोन वाढली. लोकर जाऊन पिसं आली, शेपटीची टोकं फुटली. ती पाण्याकडे तोंड करून उभी राहत आणि पंख नुसतेच हलवत राहत, जमीन सोडत नसत. त्यांतल्या एकाचा मी काढलेला फोटो मला अजून आवडतो. पिल्लू टाचा उंचावून उभं आहे, पंख पूर्ण उघडलेले आहेत आणि पाय अजून खडीवर आहेत. कमोडही आहे, पण बाहेरच्या बाजूला थोडासाच.

नदीच्या वळणामुळे आत्याच्या घरून भराव दिसत नसे, आणि गुडघ्यांमुळे ती काठाने तिथवर येत नसे. अधूनमधून तिचा फोन येई. ‘‘कुठवर आलं काम?’’

‘‘चालू आहे. टप्प्याटप्प्याने,’’ बाबा सांगत. फोन मग माझ्याकडे येई आणि मी तिच्या गुडघ्यांची चौकशी करी.

दोन्ही पिल्लं उडाली. आधी मोठं, मग दोन दिवसांनी दुसरं; वाकडंतिकडं, पुलाखालून आणि परत. बाबांनी टाळ्या वाजवल्या आणि लगेच आजूबाजूला कुणी पाहिलं का ते बघितलं. त्याच दिवशी, मंगळवार नसतानाही, ते ऑफिसात गेले. तिथे कळलं की ठेकेदाराची मुदत संपली आहे, मशिन दुसऱ्या कामावर गेलं आहे, आणि पावसाळ्याच्या तोंडावर नदीपात्रात मशिन उतरवता येत नाही. आता दिवाळीनंतर नव्याने बघू. काकांची विनंती फाइलला लावलेली आहे, तेव्हा काळजी नसावी.

हे त्यांना कळायला हवं होतं. सरकारी खात्यात हयात घालवलेल्या माणसाला, दुसऱ्या कुणाला नाही तरी, हे कळायला हवं होतं. काम सुरू करायला सतराशे साठ सह्या लागतात. थांबवायला एखादं बरंसं कारण पुरतं, आणि असं कारण बाहेरून कुणी आणून दिलं तर खातं ते हातचं जाऊ देत नाही. नोकरीत बाबांनी स्वतः अशी कारणं जपून वापरली होती. तरी ते पिल्लांपुढे विसरले. मला त्यांचा राग आला नाही. मला त्यांची कीव आली, आणि ती यावी याचंच वाईट वाटलं.

जूनमध्ये ते आत्याकडे गेले आणि म्हणाले, ‘‘यंदाही विटा असू देत घरघंटीखाली.’’

‘‘का?’’ आत्या म्हणाली. ‘‘भराव गेला ना?’’

‘‘तरीपण. पाण्याचा काय भरवसा.’’

‘‘माझे गुडघे बघ आणि मग बोल.’’

त्या वेळी सांगता आलं असतं. बाबांनी चहा घेतला आणि ते परत आले. घरी येऊन मला म्हणाले, पुढच्या खेपेला सांगतो. मी म्हटलं, मी सांगू का? ते म्हणाले, नको, बहीण माझी आहे. नंतर पाऊस लागला आणि पुढच्या खेपा फोनवरच होत गेल्या. श्रावण जवळ आला होता. आत्याकडे उपासाच्या भाजणीच्या मागण्या यायला लागल्या होत्या आणि ती सकाळपासून संध्याकाळपर्यंत घरघंटीपाशीच असे.

जुलैच्या शेवटी धरण भरलं आणि पाणी सोडलं. सकाळी काठाने भोंगा फिरला, दुपारपर्यंत नदी रस्त्यावर आली. आत्याला वरच्या मजल्यावरच्यांनी वेळेवर वर नेलं. तिने बरोबर घेतलं ते एक पिशवीभर कपडे आणि देव. दुसऱ्या दिवशी पाणी उतरल्यावर बाबा आणि मी गेलो. दारापासून मागच्या खोलीपर्यंत चिखल होता. भाजून ठेवलेल्या साबुदाण्या-वरीच्या गोण्या फुगून फुटल्या होत्या आणि घरघंटी एका कुशीवर पडली होती. आत्या साडी खोचून, खराट्याने चिखलाचं पाणी दाराकडे लोटत होती.

बाबा भिंतीवरच्या ओल्या रेषेपाशी गेले आणि तिच्यावर हात ठेवून उभे राहिले.

‘‘भराव नसता तर?’’ मी हळूच विचारलं.

‘‘पाणी आलंच असतं,’’ ते म्हणाले. ‘‘मोटरपर्यंत आलं नसतं.’’

मग ते वळले. मला वाटलं ते चिखल काढायला लागतील. ते आत्यासमोर जाऊन उभे राहिले.

‘‘भराव आहे तिथेच आहे,’’ ते म्हणाले. ‘‘काढलेला नाही. मीच थांबवायला सांगितलं होतं.’’

आत्याने वर पाहिलं. ‘‘कधी?’’

‘‘मे महिन्यात.’’

‘‘का?’’

‘‘पक्ष्याची पिल्लं होती त्याच्यावर. तीन आठवडेच थांबा म्हटलं होतं. ते कायमचे थांबले.’’

मी आरडाओरड्याची वाट बघत होते. तो झाला असता तर मला बरं वाटलं असतं. आत्या दोन्ही हात खराट्यावर ठेवून उभी राहिली आणि तिने बाबांकडे नाही, माझ्याकडे पाहिलं.

‘‘उडाली का?’’

‘‘दोन उडाली,’’ मी म्हटलं.

‘‘मग बरं झालं.’’ तिने पाण्याचा एक लोट उंबऱ्याबाहेर ढकलला. दुसरा ढकलायला वाकली आणि थांबली. ‘‘मला विचारलं असतंस ना दादा, तर मी हो म्हटलं असतं. एवढीशी पिल्लं ती. मी चढले असते स्टुलावर अजून एक पावसाळा. तुम्ही दोघांनी बसून माझं घर आणि ती पिल्लं तोलून पाहिलीत, आणि मला नुसतं बोलावलंसुद्धा नाहीत.’’

  बाबांनी पुढे होऊन खराट्याला हात घातला. ‘‘आण इकडे, मी काढतो.’’

आत्याने खराटा सोडला नाही. ‘‘पायऱ्यांवर थांबा दोघं,’’ ती म्हणाली, ‘‘मधे येऊ नका.’’ आम्ही बाहेर जाऊन पायऱ्यांवर उभे राहिलो, आणि ती आमच्या पायांशेजारून घरातलं पाणी बाहेर लोटत राहिली.